यानांची नावं कोण ठेवतं? आपल्या शाळांतल्या पोरांना कधी विचारणार?

गोदाकाठची_बाई (परभणी)

चंद्रयानाचं नाव आधी सोमयान होतं. तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी ते बदलायला सुचवलं आणि १५ ऑगस्ट २००३ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली ती चंद्रयानाची. आर्यभटाची हकीकतही अशीच. उपग्रह उडायच्या आधी तीन नावं दिल्लीला गेली: आर्यभट, मैत्री आणि जवाहर. इंदिरा गांधींनी त्यातलं आर्यभट निवडलं. १९ एप्रिल १९७५ ला तो सोव्हिएत रॉकेटवरून कापुस्तिन यारहून गेला. पुढं दोन रुपयांच्या नोटेच्या मागं त्याचं चित्र आलं, आपल्यापैकी कित्येकांनी उपग्रह पहिल्यांदा पाहिला तो त्या नोटेवरच. दिशादर्शन प्रणालीला नाविक हे नाव २८ एप्रिल २०१६ ला पंतप्रधान मोदींनी दिलं. चंद्रयान-३ उतरलं त्या चंद्रावरच्या जागेचं शिवशक्ती हे नावसुद्धा त्यांनीच जाहीर केलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. राष्ट्रीय अंतराळ दिनाला हे सगळं सांगत होते तेव्हा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्यासारख्यांना कुणी विचारतं का?" तिला मी मंगळावरच्या गाड्यांची गोष्ट सांगितली. ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलेल्या सोजर्नरचं नाव व्हॅलरी अँब्रोज या बारा वर्षांच्या मुलीनं सुचवलं होतं. स्पर्धेची अटच अशी होती की एखाद्या कर्तबगार स्त्रीबद्दल निबंध लिहायचा. तिनं सोजर्नर ट्रुथ निवडली. गुलामीत जन्मलेली, सुटल्यावर गावोगाव फिरून गुलामांच्या आणि बायकांच्या हक्कांसाठी बोलणारी बाई. स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी ही दोन नावं नऊ वर्षांच्या सोफी कॉलिसची. सायबेरियात जन्मलेली, अनाथाश्रमात राहिलेली, नंतर अमेरिकेत दत्तक गेलेली पोर. क्युरिऑसिटी हे नाव कॅन्सस राज्यातल्या सहावीतल्या क्लारा मा हिचं. पर्सिव्हरन्सच्या वेळी तर अठ्ठावीस हजार निबंध आले आणि सातवीतल्या अलेक्झांडर मॅथरचं नाव निघालं.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या मोठ्या मोहिमांची नावं पोरांच्या हातून यावीत. निबंध लिहून, कारण देऊन. इथं जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारते: नावं ठरवायच्या पद्धती कुठं कशा आहेत? आणि आपल्याकडं हे व्हावं असं तुम्हाला वाटतं का?

---

व्याध_आणि_मृग (नांदेड)

बाई, उत्तम धागा. अमेरिकेतलं मला थोडं ठाऊक आहे, ते लिहितो. तिथंही सुरुवातीला पोरंबिरं नव्हती. एका माणसाच्या टेबलावर नावं ठरायची.

एब सिल्व्हरस्टाइन हे नासात अंतराळ उड्डाणांचे प्रमुख. पहिल्या मानवी मोहिमेला मर्क्युरी म्हणावं हे त्यांचंच. १७ डिसेंबर १९५८ ला ते जाहीर झालं, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या वर्धापनदिनी. अपोलोही त्यांचंच, १९६० मधलं. सूर्याच्या रथात बसून आकाश ओलांडणारा देव त्यांना त्या प्रचंड कामाला साजेसा वाटला. मधल्या जेमिनीचं नाव मात्र नासाच्याच ॲलेक्स नॅगी यांनी सुचवलं. यानात दोघं जण बसणार होते आणि जेमिनी म्हणजे आपली मिथुन रास, जुळ्यांची.

पण मोहिमेचं नाव वेगळं आणि यानाचं वेगळं. मर्क्युरीच्या काळात प्रत्येक अंतराळवीर आपल्या यानाला स्वतः नाव द्यायचा. ॲलन शेपर्डनं फ्रीडम सेव्हन ठेवलं आणि पुढच्या सगळ्यांनी तो सातचा आकडा धरला, कारण निवडलेले अंतराळवीर सात होते. बाईंच्या प्रश्नाशी जुळणारी गोष्ट इथं आहे. २० फेब्रुवारी १९६२ ला जॉन ग्लेन पृथ्वीभोवती फिरून आले त्या फ्रेंडशिप सेव्हनचं नाव निवडायला त्यांनी घरच्या दोन मुलांना बसवलं होतं. म्हणजे सरकारी स्पर्धा निघायच्या कितीतरी आधी हे घडलेलं आहे.

मग गस ग्रिसमचा किस्सा. जुलै १९६१ मध्ये त्याचं लिबर्टी बेल सेव्हन समुद्रात उतरल्यावर बुडालं, तो कसाबसा वाचला. १९६५ मध्ये जेमिनीच्या पहिल्या मानवी उड्डाणाला त्यानं यानाचं नाव ठेवलं मॉली ब्राऊन, टायटॅनिकमधून वाचलेल्या बाईच्या नावावरून. वरिष्ठांना ते रुचलं नाही. त्यानंतर जेमिनीच्या यानांना नुसते आकडे राहिले.

नावं परत आली ती गरजेपोटी. मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ ची दोन यानं अंतराळात एकमेकांपासून सुटी झाली. रेडिओवर दोघांनाही "अपोलो ९" म्हणून हाक मारली तर कोण उत्तर देणार? म्हणून एक गमड्रॉप, दुसरं स्पायडर. गमड्रॉप म्हणजे साखरेची गोळी, यान निळ्या वेष्टनात आलं होतं तेव्हा तसं दिसलं. अपोलो १० च्या लोकांनी चित्रकथेतल्या चार्ली ब्राऊन आणि स्नूपीची नावं घेतली. चंद्रावर उतरायची वेळ आली तेव्हा मात्र जरा भारदस्त नावं घ्या असं सांगण्यात आलं आणि कोलंबिया व ईगल आले.

---

मांजरा_काठ (लातूर)

लई भारी माहिती सर. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, धागा सकाळपासून वाचायलोय. एक शंका. हे ग्रीक-रोमन देव कामून? त्यांच्या धर्माशी तर त्यांचा काही संबंध राहिला नाही.

---

व्याध_आणि_मृग (नांदेड)

मांजरा_काठ, ग्रहांचीच नावं त्या देवांची होती. मर्क्युरी, व्हीनस, मार्स, ज्युपिटर. आकाशाकडं बघताना त्यांच्या तोंडी तेच शब्द. क्षेपणास्त्रांना आणि रॉकेटांनाही तेव्हा ॲटलास, टायटन, थोर, सॅटर्न अशीच नावं होती. आणि ही वहिवाट अजून चालू आहे. २०१९ मध्ये नवी चांद्रमोहीम निघाली तिला आर्टेमिस म्हटलं, अपोलोची जुळी बहीण. तिच्यातल्या माणसांच्या यानाचं नाव ओरायन, ज्या ताऱ्यांना आपण मृग म्हणतो ते. आपल्याकडं मृग निघाला की पेरणीची घाई. इस्रोनं आपल्या रॉकेटवरून कक्षेत सोडलेल्या पहिल्या उपग्रहाचं नावही पावसाच्या नक्षत्राचंच निघालं: रोहिणी, १८ जुलै १९८०, एसएलव्ही-३ वरून. आमच्या वडिलांना ही बातमी रेडिओवर कळली तेव्हा त्यांना उपग्रहापेक्षा नाव आधी कळलं.

---

तेरणा_खोरं (धाराशिव)

आर्यभटाबद्दल एक गोष्ट मराठवाड्यातल्या माणसांनी सांगितलीच पाहिजे, ती कुणी सांगत नाही.

आर्यभटानं ग्रंथ लिहिला तो इसवी सन ४९९ च्या सुमारास, कुसुमपुरात, म्हणजे पाटलीपुत्राकडं. पण पहिला भास्कर, ज्यानं इ. स. ६२९ मध्ये आर्यभटीयावर भाष्य लिहिलं, तो आर्यभटाच्या मताला आश्मक म्हणतो. केरळातला नीलकंठ सोमयाजी, पंधराव्या-सोळाव्या शतकातला, तर सरळ लिहितो की आर्यभटाचा जन्म अश्मक देशात झाला. अश्मक कुठं? गोदावरीच्या काठी. त्याची राजधानी पोतन म्हणजे आजचं बोधन असं बरेच अभ्यासक मानतात, जे नांदेडच्या सीमेपलीकडं निजामाबाद जिल्ह्यात आहे. शेजारचा देश मूलक आणि त्याची राजधानी आपलं पैठण.

जन्मस्थळावर एकमत नाही, केरळचे लोक वेगळा दावा करतात. तरी आपल्या पाठ्यपुस्तकात आर्यभट म्हटलं की फक्त पाटणा येतं याचं मला खरंच वाईट वाटतं. भारताच्या पहिल्या उपग्रहावर ज्याचं नाव आहे त्याच्या नावाशी गोदावरीचा धागा जोडलेला आहे, हे इथल्या पोरांना कळलं तर त्यांना ते नाव परक्याचं वाटणार नाही.

---

बिंदुसरा (बीड)

तेरणा_खोरं, +१. आणि मग भास्कराचंही सांगू द्या.

भास्कर नावाचे दोन उपग्रह. पहिला ७ जून १९७९ चा, दुसरा २० नोव्हेंबर १९८१ चा. योगायोग बघा, गणितीही दोनच. एक वर सांगितलेला सातव्या शतकातला भाष्यकार. दुसरे भास्कराचार्य, शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ चा जन्म, छत्तिसाव्या वर्षी सिद्धांतशिरोमणी. त्यांनीच लिहून ठेवलंय की सह्याद्रीच्या आश्रयानं वसलेल्या विज्जडविड नावाच्या नगरात आपण राहतो. हे विज्जडविड म्हणजे बीड, असं आमच्याकडं जुनी माणसं सांगत आली आहेत आणि काही अभ्यासकांनीही मांडलंय.

---

अजिंठा_डोंगर (सिल्लोड)

बिंदुसरा भाऊ, बीडचा मान राखून सांगतो, चाळीसगावजवळच्या पाटणे गावचा शिलालेख विसरू नका. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, त्याला दान मिळाल्याची नोंद आहे. सिंघण यादवाच्या काळातली. घराणं त्या भागात होतं याचा दगडी पुरावा तो. बीडच्या बाजूनं मुख्यतः नावाचं साधर्म्य आहे.

पण यादवांची राजधानी देवगिरी, आणि हा चांगदेव त्याच दरबारचा ज्योतिषी. पाटणं खानदेशात असलं तरी ही विद्या देवगिरीच्या आश्रयानं वाढली. दोन्ही बाजूंनी धागा आपल्या दारातून जातो.

---

बिंदुसरा (बीड)

शिलालेखाला मान आहेच. पण वाद मिटलेला नाही एवढंच म्हणतो. आमच्या शाळेत कुणी हे शिकवलं असतं तर गणिताची भीती अर्धी गेली असती.

---

उपग्रह_तंत्र (मूळ गाव सेलू, सध्या बेंगळुरू)

मी उपग्रहांचे सुटे भाग बनवणाऱ्या क्षेत्रात काम करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

बहुतेक उपग्रहांना काव्यमय नाव नसतं आणि नसणंच सोयीचं. इन्सॅट, आयआरएस, कार्टोसॅट, ओशनसॅट, रिसॅट. नाव वाचलं की काम कळतं. अमेरिकेत हवामान उपग्रहांची एक जुनी रीत आहे: जमिनीवर असेपर्यंत अक्षर, कक्षेत नीट पोचला की आकडा. १९७५-७६ मध्ये खेड्यांत दूरदर्शन दाखवण्याचा मोठा प्रयोग झाला, आपल्या शेजारच्या गुलबर्गा भागातल्या गावांतसुद्धा टीव्ही लागले होते, त्याचा उपग्रह उडण्याआधी एटीएस-एफ होता आणि उडाल्यावर एटीएस-६ झाला. उड्डाण फसलं तर आकडा वाया जात नाही, मालिकेत भोक पडत नाही. नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडंही पृथ्वी निरीक्षणाच्या उपग्रहांना ईओएस आणि आकडा असं सरसकट सुरू झालं. आधी रिसॅट म्हणून तयार झालेला उपग्रह ईओएस-०१ होऊन गेला.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला रोज उपयोगी पडणारे उपग्रह हेच बिननावाचे. जूनमध्ये टीव्हीवर ढगांचं जे चित्र बघतो ते इन्सॅट-३डीआर आणि ३डीएस कडून येतं. ३० जुलै २०२५ ला गेलेला निसार जमिनीतला ओलावा मोजू शकतो, आणि निसार हे तर नासा, इस्रो आणि सार हा रडारचा प्रकार ही नावं जोडून झालेलं. हे उपग्रह करणाऱ्यांचा अभिमान नावात नसतो, ते चालू आहेत यात असतो.

मोठ्या मोहिमांना पोरांनी नावं द्यावीत, याला माझी हरकत नाही. पण प्रत्येक उपग्रहाला नाव शोधत बसलो तर नियंत्रण कक्षातल्या माणसाची पंचाईत होईल.

---

दुधना (जालना)

उपग्रह_तंत्र दादा, त्याच हवामान उपग्रहांतला एक अपवाद आहे आणि तो माझ्या मनात घर करून आहे.

१२ सप्टेंबर २००२ ला मेटसॅट नावाचा हवामान उपग्रह गेला. अगदी तुम्ही म्हणता तसं कामापुरतं नाव. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया नावाचं स्पेस शटल परतीच्या वाटेवर मोडलं आणि कल्पना चावला गेली. ५ फेब्रुवारीला वाजपेयींनी त्या फिरत्या उपग्रहाचं नाव कल्पना-१ केलं. तेव्हा आम्ही मुली वसतिगृहात होतो. संध्याकाळच्या बातम्यांत हवामानाचं चित्र आलं की कुणीतरी म्हणायचंच, हे कल्पनानं पाठवलेलं. आमच्या खोलीतल्या दोघी पुढं भौतिकशास्त्राकडं गेल्या. त्या फक्त एका नावामुळं गेल्या असं मी म्हणणार नाही, पण ते नाव रोज ऐकू येत होतं हे खरं.

जपानमध्येही ही पद्धत फार जुनी. यान सुखरूप वर गेलं की मग त्याला नाव द्यायचे. तोवर कामाचं नाव. त्यांच्या चांद्रयानाचं कागदावरचं नाव सेलेन होतं, लोकांनी कळवलेल्या नावांतून कागुया ठरलं, ते मात्र उड्डाणाआधीच. कागुया म्हणजे त्यांच्या लोककथेतली चंद्रावरून आलेली राजकन्या. २००७ मध्ये ते गेलं.

---

जुना_विद्यार्थी (छत्रपती संभाजीनगर)

मी वयानं इथल्या बहुतेकांपेक्षा मोठा आहे. मराठवाड्यात नावाबद्दल बोलताना एक गोष्ट डावलता येत नाही.

मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला सुरू झालं. विधिमंडळानं बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव जुलै १९७८ मध्ये केला. त्यानंतर गावागावांत दलित वस्त्यांची जी राखरांगोळी झाली ती मी पाहिली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधली साडेपंधरा वर्षं लोकांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला, घरं गमावली, जीव दिले. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर लाखाची गर्दी जमते ती का, हे तिथं उभं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून "नाव काय, काहीही द्या" असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. नाव कुणाचं, ते कुणी दिलं, कुणाला विचारून दिलं, या तिन्ही गोष्टी माणसाच्या मानाशी बांधलेल्या आहेत.

अंतराळातही हेच झालंय. हबलनंतरच्या मोठ्या अंतराळ दुर्बिणीला २००२ मध्ये नासाच्या प्रमुखांनी जेम्स वेब यांचं नाव दिलं. वेब १९६१ ते १९६८ मध्ये नासाचे प्रशासक होते. त्या काळात समलिंगी सरकारी नोकरांना कामावरून काढलं जायचं, त्यात वेब यांचा वाटा काय, असा प्रश्न पुढं खगोलशास्त्रज्ञांनीच उभा केला. २०२१ मध्ये नाव बदलण्याची मागणी झाली, नासानं ती मानली नाही. दुर्बीण अप्रतिम काम करते, पण नाव ठरवताना ज्यांना विचारलं नव्हतं त्यांची सल राहिली.

उलट उदाहरणंही आहेत. क्ष-किरण दुर्बिणीचं नाव स्पर्धेतून चंद्रा ठरलं, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्यावरून. आयडाहोतला एक विद्यार्थी आणि कॅलिफोर्नियातली एक शिक्षिका या दोघांनी ते सुचवलं. जुलै १९९९ मध्ये ती गेली. परदेशातल्या शाळेतल्या पोराला आपल्याकडच्या शास्त्रज्ञाचं नाव सुचतं, हे मला फार मोठं वाटतं. आणि पार्कर सौरयान. नासानं जिवंत माणसाचं नाव यानाला दिलं ते पहिल्यांदा, २०१७ मध्ये. सूर्याचे अभ्यासक युजीन पार्कर नव्वदी ओलांडलेले, आणि १२ ऑगस्ट २०१८ चं उड्डाण त्यांनी समोर बसून पाहिलं.

आणखी एक. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आकाशात जळत जाणारी रांग आपण सगळ्यांनी पाहिली. चिनी रॉकेटचा तो भाग होता, तुकडे चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडं पडले. त्या रॉकेटचं नाव लाँग मार्च, १९३४-३५ च्या त्यांच्या लाल सेनेच्या वाटचालीवरून. माझ्या पिढीला लाँग मार्च म्हटलं की १९७९ चा नागपूर ते औरंगाबाद निघालेला मोर्चा आठवतो, प्राध्यापक जोगेंद्र कवाडे यांच्या पुढाकाराचा, नामांतरासाठीचाच. प्रत्येक देश आपल्या मोठ्या आठवणी रॉकेटवर लिहितो. आपल्या आठवणी कोणत्या, हे ठरवताना सगळ्यांना बोलवा, एवढं मागणं आहे.

---

गोदाकाठची_बाई (परभणी)

जुना_विद्यार्थी सर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. विचारून नाव द्यावं हे मी पोरांच्या आनंदासाठी म्हणत होते, तुम्ही त्याला खरा पाया दिलात.

---

मांजरा_काठ (लातूर)

माझी एक भीती सांगू का? आपल्याकडं ऑनलाइन मतदान ठेवलं तर ज्याचे फॉलोअर जास्त त्याचं नाव येईल. मग जातीवर, पक्षावर, सिनेमातल्या हिरोवर जाईल.

---

व्याध_आणि_मृग (नांदेड)

भीती रास्त आहे, आणि हे घडून गेलंय. २००९ मध्ये अंतराळ स्थानकाच्या एका नव्या खोलीसाठी नासानं इंटरनेटवर मतं मागवली. टीव्हीवरचा विनोदवीर स्टीफन कोल्बेअर यानं प्रेक्षकांना आपलंच नाव टाकायला सांगितलं आणि ते पहिलं आलं. नासानं ते घेतलं नाही, खोलीला ट्रँक्विलिटी म्हटलं. पण तिथल्या धावपट्टीच्या व्यायामयंत्राला त्याचं नाव दिलं. त्याआधी १९७६ मध्ये पहिल्या स्पेस शटलचं ठरलेलं नाव कॉन्स्टिट्यूशन होतं. स्टार ट्रेक या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांनी त्यातल्या यानाच्या नावासाठी पत्रांचा पाऊस पाडला आणि ते एंटरप्राइझ झालं.

म्हणून बाई म्हणतात तो निबंधाचा रस्ता बरा. मतं मोजायची नाहीत, कारणं वाचायची. एंडेव्हर शटलचं नाव असंच शाळांच्या स्पर्धेतून आलं, १९८९ मध्ये जाहीर झालं. मुलांनी नुसतं नाव द्यायचं नव्हतं, जुन्या एखाद्या शोधनौकेचं नाव घेऊन त्यावर काम करायचं होतं. एंडेव्हर ही कॅप्टन कुकची नौका. युरोपच्या रोझेटा मोहिमेतल्या धूमकेतूवर उतरणाऱ्या फिलेचं नाव इटलीतल्या पंधरा वर्षांच्या मुलीचं. रोझेटा शिळेप्रमाणं फिले बेटावरच्या स्तंभानंही इजिप्तची लिपी उलगडायला मदत केली, हे तिनं शोधून काढलं होतं. असं नाव मतांच्या गर्दीत कधी वर आलं असतं?

---

तेरणा_खोरं (धाराशिव)

आणि निवड न झालेली नावं वाया जातात असंही नाही. पर्सिव्हरन्सच्या स्पर्धेत वनीझा रुपानी या भारतीय वंशाच्या मुलीनं इंजेन्युइटी सुचवलं होतं. गाडीला ते मिळालं नाही. पण सोबतच्या छोट्या हेलिकॉप्टरला नाव हवं होतं, तेव्हा तिचा निबंध बाहेर काढला. १९ एप्रिल २०२१ ला ते मंगळावर उडालं. आर्यभटाचीच तारीख.

---

अजिंठा_डोंगर (सिल्लोड)

यानांइतकाच महत्त्वाचा दुसरा भाग राहिला: जिथं यान जातं त्या जागांची नावं. ती कुठल्या देशानं परस्पर ठरवून चालत नाही, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची मान्यता लागते. १४ नोव्हेंबर २००८ ला चंद्रयान-१ ची कुपी आदळली ती जागा आपण जवाहर स्थळ म्हणतो. शिवशक्तीला मात्र १९ मार्च २०२४ ला संघटनेची रीतसर मान्यता आहे. चंद्राच्या विवरांना दिवंगत शास्त्रज्ञांची नावं देतात. साराभाई, भाभा, रामन, सगळे तिथं आहेत.

मंगळाचा नियम मला सगळ्यांत आवडतो. तिथल्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या लहान गावांची नावं, लोकसंख्या एक लाखाच्या आतली. आणि मंगळावर लोणार नावाचं विवर आहे! आपल्या मंठ्याहून लोणार किती जवळ. जिल्हा बुलढाणा असला तरी सहलीला आपणच जातो. अशनीच्या आघातानं बेसॉल्ट खडकात झालेलं विवर, मंगळाचा अभ्यास करणारे इथं येतात ते त्यासाठी. त्या विवराचं नाव मंगळावर गेलं.

नियम बघता तेर, पैठण, औसा, कंधार, सगळी गावं बसतात. पण नाव मागून मिळत नाही. त्या विवरावर संशोधन करणाऱ्यानं गरज म्हणून सुचवायचं असतं.

---

मांजरा_काठ (लातूर)

म्हणजे औशाचं नाव मंगळावर न्यायचं तर औशाचं कुणीतरी मंगळाचा अभ्यास करायला पाहिजे. बरं झालं सांगितलंत.

---

गोदाकाठची_बाई (परभणी)

सगळ्यांचे प्रतिसाद वर्गात वाचून दाखवले. मग सातवी-आठवीला काम दिलं: पुढच्या एखाद्या भारतीय चांद्रगाडीला नाव सुचवा, एक पान कारण लिहा, नुसतं नाव चालणार नाही. हिरोंची नावं आली, राजांची आली, नद्यांची आली. 'गोदा' तिघांनी लिहिलं. एका मुलानं 'सर्जा' लिहिलं. गाडी बैलासारखी न थकता ओढत राहील म्हणून.

मला सगळ्यांत भिडलेला निबंध गंगाखेडकडच्या एका मुलीचा. तिनं नाव दिलंय 'जनाई'. तिचं कारण असं: संत जनाबाई आमच्या गावच्या. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करायच्या, आणि ते करता करता अभंग रचायच्या. चंद्रावरची गाडी दिवसभर माती तपासते, खडकाची परीक्षा करते आणि तिथून पृथ्वीला शब्द पाठवते. काम करता करता बोलणारी, म्हणून जनाई. आणि शेवटी तिनं लिहिलंय की राजाराणीची नावं खूप झाली, कामवाल्या बाईचं नाव चंद्रावर कुणी अजून नेलं नसेल. सोजर्नर ट्रुथचं मी तिला सांगितलं होतं, जनाबाईपर्यंत ती स्वतः पोचली.

हे निबंध इस्रोकडं पत्रानं पाठवणार आहे, मुख्याध्यापकांची सही घेतली आहे. आणखी कुठल्या शाळा सोबत येणार असतील तर एकाच लिफाफ्यात पाठवू. मुलांची नावं फक्त लिफाफ्यात, इथं कुणी टाकू नका.

---

उपग्रह_तंत्र (मूळ गाव सेलू, सध्या बेंगळुरू)

बाई, सेलूच्या माझ्या जुन्या शाळेतल्या सरांशी बोललो, ते तयार आहेत. एक सुचवतो. प्रत्येक निबंधासोबत चंद्रयान-३ च्या गाडीचं, म्हणजे प्रज्ञानचं, काम काय, वजन किती, किती दिवस चालली, हे मुलांनी दोन ओळींत लिहावं. प्रज्ञान सव्वीस किलोची होती आणि चंद्राच्या एका दिवसापुरतीच, म्हणजे आपले साधारण चौदा दिवस, चालायची होती. हे समजून नाव दिलं तर वाचणारा इंजिनिअरही ते गांभीर्यानं घेईल. जनाईच्या मुलीला सांगा, प्रज्ञानवर खडकातली मूलद्रव्यं ओळखणारी दोन यंत्रं होती आणि गंधक तिथं असल्याचं त्यांनी दाखवलं. तिच्या निबंधात हे बसेल.

---

दुधना (जालना)

आमच्या तालुक्यातल्या कन्या शाळेचे निबंध मी गोळा करते. कागद कोणता, शाई कोणती, शब्दमर्यादा किती, एवढं कळवा. मुलींना हिंदीत लिहायचं की मराठीत?

---

गोदाकाठची_बाई (परभणी)

मराठीतच लिहू दे ताई. सोबत हिंदी सारांश मी आणि आमचे हिंदीचे सर करून जोडू. एक पान, निळी शाई, मागच्या बाजूला शाळेचा शिक्का. दिवाळीच्या सुट्टीआधी माझ्याकडं पोचले पाहिजेत.